मुंबईतील जुनी चर्च आणि चॅपेल : नोंदणी प्रकल्पाची रोजनिशी

५ नोव्हेंबर

नोंदणीचा तक्ता आज नक्की झाला. ‘बांधकामाचे वर्ष’ हा एकच रकाना ठेवावा, असा आमच्यातल्या काहींचा आग्रह होता, कारण यादी छापताना वाचकाला एकच आकडा हवा असतो आणि पाटीवरही एकच आकडा असतो. मला ते पटले नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चची परंपरा १५३४ सालापासून सांगितली जाते, आणि आज रस्त्यावरून दिसते ती इमारत १९७३ ची आहे. यातले कोणतेही एक साल लिहिले तरी दुसऱ्यावर अन्याय होतो. म्हणून त्या रकान्याचे चार भाग केले : स्थापनेचे साल, या जागेवर येण्याचे साल, आजच्या इमारतीचे साल, आणि आत किंवा आवारात असलेल्या सर्वांत जुन्या वस्तूचे साल. ‘स्थानिक नाव’ हा रकानाही ठेवला आहे, कारण माउंट मेरीला मोतमावली म्हणणाऱ्या माणसाला आमच्या यादीत ती त्याच नावाने सापडली पाहिजे.

शहराची विभागणी आजच्या महापालिकेच्या वॉर्डांप्रमाणे न करता जुन्या सत्तांप्रमाणे केली आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना मिळाली. त्यानंतर १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांकडे जायची ठरली, पण वांद्र्यापासून पुढची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. ती १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. कोणते चर्च टिकले, कोणते पडले आणि कोणते दुसरीकडे हलले, याचे उत्तर बहुतेक वेळा माहीमच्या खाडीच्या अलीकडे की पलीकडे, या एका प्रश्नात मिळते. त्यामुळे तक्त्याच्या कोपऱ्यात ‘अलीकडे’ किंवा ‘पलीकडे’ अशी खूण करायची ठरले आहे.

११ नोव्हेंबर

फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याच्या काळात, १६७६ मध्ये, पाया घातला गेला. ऑन्जिए पुढच्याच वर्षी वारला आणि काम थांबले. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षे अर्धवट भिंती तशाच उभ्या होत्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवून काम पुन्हा सुरू केले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेसाठी उघडले. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र अँग्लिकन बिशप मिळाला, तेव्हा त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. म्हणजे आमच्या चार रकान्यांपैकी स्थापनेचा रकाना भरतानाच १६७६ आणि १७१८ अशी दोन साले समोर येतात. पाया घातल्याचे साल धरायचे की पहिल्या उपासनेचे, यावर चर्चा झाली. यापुढे उपासना सुरू झाल्याचे साल स्थापनेचे मानायचे आणि पायाचे साल शेऱ्यात द्यायचे, असा नियम केला आहे.

किल्ल्याच्या तटाचा पश्चिमेकडचा दरवाजा या चर्चच्या रोखाने उघडत असे, म्हणून त्याचे नाव चर्चगेट. १८६० च्या दशकात तट आणि दरवाजे पाडले गेले, पण नाव रेल्वे स्थानकाने उचलले आणि आता ते रोज लाखो लोकांच्या तोंडी असते. स्थानकातून उतरणाऱ्या किती जणांना या नावातले चर्च कोणते ते ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे.

आतले काम सावकाश करावे लागते, कारण भिंती स्मृतिशिलांनी भरून गेल्या आहेत. १७९५ पासून १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकन याच्या संगमरवरी स्मारकात दोन मुले एक पट धरून उभी दाखवली आहेत, आणि बनारस व काठियावाडात बालहत्या बंद झाली, असा इंग्रजी मजकूर त्या पटावर कोरला आहे. समोरून पाहिले तर अक्षरे जवळजवळ दिसत नाहीत, कारण पांढऱ्या दगडात पांढरीच खोदाई आहे. विजेरी भिंतीला लागून, बाजूने धरली की प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली पडते आणि मजकूर वाचता येतो. यापुढे सर्व शिलालेखांची छायाचित्रे अशीच घ्यायची आहेत. दगडावर खडू घासणे किंवा पाणी मारणे पूर्णपणे वर्ज्य. गव्हर्नर आणि सेनापतींच्या भव्य स्मारकांच्या मानाने तरुण कारकुनांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या लहान शिलांकडे कोणी पाहत नाही, पण त्या काळच्या मुंबईच्या हवेविषयी त्याच जास्त सांगतात. माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण इथल्या इंग्रजांत रूढ होती. शिलांवरची वये वाचत गेले की ती म्हण अतिशयोक्तीची वाटत नाही.

१४ नोव्हेंबर

फोर्टमधील दोन लहान नोंदी एकाच दिवसात उरकल्या. लायन गेटजवळचे सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश लोकांचे चर्च १८१९ चे आहे. १८२६ मध्ये त्याच्या मनोऱ्यावर वीज पडली आणि मनोरा नव्याने बांधावा लागला. याच्या शेजारी अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्याचे घुमटाकार बर्फघर होते. ते आता नाही, पण शेऱ्यात त्याची नोंद घेतली आहे. मेडोज स्ट्रीटवरचे सेंट पीटर हे आर्मेनियन चर्च १७९६ चे असून १९५७ मध्ये नव्याने बांधलेले आहे. इथल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती कधीच सरली असली तरी चर्च मात्र उरले आहे.

२२ नोव्हेंबर

आज जागा बदललेल्या चर्चचा दिवस होता, आणि चार रकान्यांचा आमचा हट्ट आज खऱ्या अर्थाने कामी आला.

काळबादेवी-भुलेश्वरच्या कापडबाजारामागे कावेलमध्ये अवर लेडी ऑफ होप हे चर्च आहे. मूळचे चर्च किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या भागात होते. तटावरच्या तोफांसमोर आडोसा नको, शत्रूला दडायला जागा नको, म्हणून इंग्रजांनी किल्ल्याभोवतालची घरे, झाडे आणि इमारती टप्प्याटप्प्याने हटवल्या. त्यात १७६० मध्ये हे चर्चही गेले आणि ख्रिस्ती कोळ्यांची जुनी वस्ती असलेल्या कावेलमध्ये नव्याने उभे राहिले. मैदानात राहिलेल्या क्रुसाने पुढे क्रॉस मैदानाला नाव दिले. एका लष्करी गरजेने चर्च एका जागी गेले, त्याची आठवण दुसऱ्या जागी राहिली आणि नाव तिसऱ्याच गोष्टीला चिकटले, हे या शहराच्या स्वभावाला धरूनच आहे.

माझगावच्या ग्लोरिया चर्चची हकिकत अशीच, फक्त कारण वेगळे. १६३२ च्या सुमारास माझगावची जहागीर सांभाळणाऱ्या पोर्तुगीज घराण्याच्या आश्रयाने ते बांधले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदराच्या आणि त्याच्या रेल्वेच्या विस्तारात ती जागा गेली, आणि १९११ ते १९१३ या काळात भायखळ्याला आजची भव्य गॉथिक धाटणीची इमारत उभी राहिली. अठराव्या शतकात तोफांसाठी आणि विसाव्या शतकात मालगाड्यांसाठी चर्च हलवले गेले, आणि दोन्ही वेळा लोकांनी नाव, मूर्ती आणि पॅरिशची, म्हणजे चर्चशी जोडलेल्या वस्तीची, दप्तरे बरोबर नेली. यावरून माझे मत असे झाले आहे की, निदान मुंबईपुरते तरी, चर्चचे वय त्याच्या भिंतींवरून मोजणे हे अर्धेच मोजमाप आहे. बाप्तिस्म्याची आणि लग्नांची सलग चालत आलेली दप्तरे जिथे असतील तिथे ती पाचवा पुरावा म्हणून नोंदवावीत, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

३ डिसेंबर

कुलाबा. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले अफगाण चर्च. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. आराखडा शहराचा अभियंता हेन्री कॉनिबेअर याचा, प्रतिष्ठापना १८५८ ची आणि मनोरा पूर्ण झाला १८६५ मध्ये. हा मनोरा सुमारे ६० मीटर उंच आहे आणि बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसत असे. इथे आमच्या तक्त्याला काहीच करायचे नाही, कारण चारही रकान्यांत जवळपास एकच काळ भरावा लागतो. युद्धाचे स्मारक म्हणून बांधलेली वास्तू हलत नाही आणि तिच्याभोवती पॅरिशची वस्तीही वाढत नाही. पलटणी गेल्या आणि इमारत उरली. स्थापत्याच्या दृष्टीने ही मुंबईतल्या पहिल्या दर्जाच्या गॉथिक वास्तूंपैकी एक आहे, याबद्दल दुमत नाही. पण आमच्या यादीतली सर्वांत जिवंत जागा कोणती असे विचारले, तर मी तिचे नाव घेणार नाही.

जवळचेच होली नेम कॅथीड्रल १९०५ चे. आतल्या भित्तिचित्रांसाठी ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मंगळूरच्या सेंट अलॉयशियस चॅपेलमध्ये ज्याने भिंती आणि छत रंगवले, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या त्याच ब्रदर अँटोनियो मोस्केनी या इटालियनाचे हे काम आहे. समुद्राकाठच्या दमट हवेत भित्तिचित्रे किती टिकतात, याची तुलना पुढेमागे करता यावी म्हणून प्रत्येक चित्राचे ठरावीक अंतरावरून छायाचित्र घेतले आहे.

१६ डिसेंबर

माहीम आणि वांद्रे ही खाडीच्या दोन्ही काठांवरची नोंद एकत्र लिहितो, कारण या दोन ठिकाणांचा इतिहास एकमेकांत अडकलेला आहे.

वांद्र्याच्या टेकडीवरचे मोतमावलीचे चॅपेल सोळाव्या शतकात जेझुइटांनी सुरू केले. मराठ्यांच्या मोहिमेच्या धामधुमीत टेकडीवरची वास्तू गेली, आणि त्या काळात मूर्ती खाडीच्या अलीकडे, माहीमच्या सेंट मायकलमध्ये सुरक्षित ठेवली होती, असे दोन्हीकडची परंपरा सांगते. १७६० च्या सुमारास टेकडीवर पुन्हा चर्च झाले आणि मूर्ती परत गेली. आजची इमारत १९०४ ची आहे आणि तिचा वास्तुकार शापूरजी चंदाभॉय हा पारशी होता. सप्टेंबरात ८ तारखेच्या सणानंतर भरणाऱ्या जत्रेला येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान आणि पारशी असे सगळेच असतात. मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकत घेऊन नवस फेडण्याचा तिथला प्रघात आमच्या ‘सध्याचा वापर’ या रकान्यात सविस्तर लिहिला आहे.

माहीमला १८५३ मध्ये जे घडले ते कोणत्याही पाटीवर नाही. मुंबईतील कॅथलिक पॅरिशवर गोव्यामार्फत चालणाऱ्या पाद्रुआदोचा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या धर्माश्रयाचा, हक्क की थेट रोमने नेमलेल्या व्हिकार अपोस्तोलिकचा, हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला होता. सेंट मायकल विरुद्ध बाजूला जाणार असे दिसताच रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्येच ठाण मांडून बसले, आणि बाहेरून वेढा पडला. सुमारे पंधरवड्याने दरवाजे उघडवून चर्च पाद्रुआदोच्या बाजूला दिले गेले. त्या दारांची आणि भिंतींची १९७३ च्या इमारतीत खूणही नाही. १९४८ पासून दर बुधवारी चालणाऱ्या नोव्हेना या प्रार्थनेच्या गर्दीमुळे जुनी वास्तू अपुरी पडू लागली होती. माहीमच्या वाहतुकीचा बुधवार आजही या नोव्हेनावर ठरतो.

वांद्र्याचे सेंट अँड्र्यू हे जेझुइटांनी १५७५ च्या सुमारास बांधलेले. १६१८ च्या वादळात त्याची दर्शनी बाजू कोसळली होती, पण चर्च सावरले, आणि पुढे मराठी अमलातही तिथली उपासना चालू राहिली. आवारात एकाच दगडातला सुमारे १७ फूट उंचीचा क्रूस आहे. तो जेझुइटांच्या जवळच्या विद्यालयातून इथे आणलेला असून १६१० चा मानला जातो. त्याच्या चारही अंगांवर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हे उठावात कोरली आहेत. पावसाने वरच्या भागातली चिन्हे गुळगुळीत झाली आहेत, खालची मात्र बोटाने चाचपता येतील इतकी ठसठशीत आहेत. ‘सर्वांत जुनी वस्तू’ या रकान्यासाठी आतापर्यंत मिळालेली ही सर्वांत समाधानकारक नोंद आहे.

याच रकान्यात एक उपरकाना वाढवावा लागला : ‘बाहेर गेलेली वस्तू’. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीज घंटा देवस्थानांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि मेणवलीच्या घाटावरही अशी एक घंटा आहे. वसई आमच्या क्षेत्राबाहेर आहे, तरी पद्धत म्हणून हे उदाहरण तक्त्याच्या सूचनांत घातले आहे. भिंत पाडली की तिचे साल जाते, पण ओतीव धातूवरचे साल देवळात टांगल्यानेही बदलत नाही.

९ जानेवारी

बोरिवलीजवळची मंडपेश्वर लेणी. मुळात हे शैव लेणे आहे. १५४० च्या दशकात आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या पाद्र्याने तिथे चर्च केले आणि वर टेकडीवर मठ आणि विद्यालय उभारले, ज्याचे अवशेष अजून दिसतात. मराठ्यांनी साष्टी घेतल्यावर लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. अंगणाकडच्या एका भिंतीवर जुने शिल्प तासून काढलेला मोठा क्रूस शिल्लक आहे. जवळून पाहिले की तासणीच्या छिन्नीचे आखूड, घाईचे घाव आणि मूळच्या शिल्पकाराची गुळगुळीत खोदाई यांतला फरक सहज कळतो. छायाचित्रकाराने दोन्ही एकाच चौकटीत घेतले आहेत, आणि नोंदीत कोणाची बाजू न घेता तिन्ही टप्पे क्रमाने लिहिले आहेत.

मरोळजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे १५७९ चे चर्च आता सीप्झच्या औद्योगिक कुंपणाच्या आत आहे. १८४० च्या सुमारास साथीमुळे गाव उठले, पॅरिश मरोळला गेली आणि चर्चचे छप्पर कालांतराने गेले. एरवी आत जाता येत नाही. वर्षातून एकदा मे महिन्यात मुंबईतला मूळचा कॅथलिक असलेला ईस्ट इंडियन समाज तिथे मिस्सा करतो. त्यामुळे ही नोंद मे महिन्यापर्यंत अपुरीच राहणार, आणि मोजमापे त्याच दिवशी घ्यावी लागणार.

२ फेब्रुवारी

गावठाणांतले क्रूस आणि लहान चॅपेल. हे काम सर्वांत किचकट आणि, माझ्या मते, सर्वांत निकडीचे आहे. मोठ्या चर्चना १९९५ च्या वारसा नियमावलीचे आणि वरच्या श्रेणीचे संरक्षण मिळू शकते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाला रस्तारुंदीच्या आराखड्यात बहुतेक वेळा ‘अडथळा’ एवढीच ओळख असते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या वाड्यांत नवसाचे आणि कृतज्ञतेचे कितीतरी क्रूस उभे राहिले. गिरगावच्या खोताच्या वाडीतले लहान चॅपेलही त्याच काळाची आठवण आहे.

अडचण रंगाची आहे. ज्या कुटुंबाने क्रूस उभारला ते दर वर्षी सणाआधी त्याला तैलरंग देते, आणि थरावर थर चढून अक्षरांच्या खाचा बुजतात. एका क्रुसावर सालातला आठाचा आकडा तेवढा बोटाला लागतो, पुढचे काही नाही. थोडा रंग खरवडू देण्याची विनंती घरच्यांनी नम्रपणे नाकारली, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांच्या दृष्टीने तो दरवर्षीचा रंग हीच क्रुसाची निगा आहे. मे महिन्यात संध्याकाळी याच क्रुसांसमोर शेजारीपाजारी जमून लदीन ही प्रार्थना गातात आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. म्हणून तिथे सालाच्या रकान्यात ‘वाचता येत नाही’ असे लिहून, लदीन कोणत्या दिवशी होते आणि कोणती घरे ती चालवतात याची नोंद, नावे न देता, घेतली आहे.

१० फेब्रुवारी

मराठी भाषिक प्रॉटेस्टंट मंडळ्यांची नोंद आज सुरू केली. हा भाग आमच्या पहिल्या यादीत फार त्रोटक होता, कारण स्थापत्याच्या पुस्तकांना या साध्या इमारतींत रस नसतो. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये आले. त्यांचे मराठी मिशन, गिरगावातले स्कॉटिश मिशनचे आंब्रोळी चर्च आणि भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल या ठिकाणांनी मराठी शाळा, मराठी छापखाना आणि मराठी उपासना या तिन्ही गोष्टी एकत्र वाढवल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये आजच्याच तारखेला मुंबईत झाला. ओवी-अभंगाच्या चालीत त्यांनी लिहिलेली भजने महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांत अजून गायली जातात. अशा ठिकाणी मनोऱ्याची उंची मोजण्यापेक्षा उपासना-संगीत कसे चालते, पेटी-तबला वापरतात की ऑर्गन, कोणती चाल पिढ्यानपिढ्या टिकली, हे ध्वनिमुद्रित करणे अधिक मोलाचे ठरेल. यासाठी वेगळा तक्ता लागेल.

२५ फेब्रुवारी

दादरचे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन. फ्रान्सिस्कनांनी १५९६ मध्ये स्थापन केलेले हे चर्च, पण आज उभी आहे ती चार्ल्स कोरिया यांची १९७४ ते १९७७ मधली वास्तू. काँक्रीटची कवचासारखी छते आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या आकाशाखालचे चौक अशी तिची रचना असल्याने उन्हाळ्यातही आत वारा खेळतो. ‘जुनी चर्च’ या यादीत १९७७ ची इमारत कशी घेता येईल, असा आक्षेप पुन्हा निघाला. तो मान्य केला तर माहीमही वगळावे लागेल, ग्लोरियाचे १६३२ जाईल आणि मोतमावली विसाव्या शतकाची ठरेल. मग खाडीच्या अलीकडच्या पोर्तुगीज काळातले जवळपास काहीच यादीत उरणार नाही. आक्षेप फेटाळला. तक्त्यात स्थापना १५९६, इमारत १९७७ आणि वास्तुकाराचे नाव लिहिले, आणि ‘स्थानिक नाव’ या रकान्यात ‘पोर्तुगीज चर्च’ लिहिले, कारण टॅक्सीवाल्याला सांगायचे तर तेच सांगावे लागते.

पावसाळ्यापूर्वी करायची कामे : कौलारू छपरांची वरून छायाचित्रे, मरोळच्या भिंतींची मोजमापे, आणि कावेलच्या दप्तरांच्या पहिल्या वह्यांची, परवानगी मिळाल्यास, पानवार नोंद. वह्यांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवले आहे, कारण ओल पहिल्यांदा कागदाला लागते.